रंगारी येण्याआधी भिंत मोजू या

मा. जिल्हाधिकारी,
कोल्हापूर जिल्हा,


दिवाळी तोंडावर आली आहे. शुक्रवार पेठेत, सुतारवाड्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घरं आवरायला काढली आहेत. भांडी अंगणात आली आहेत, भिंती खरवडून होत आहेत, रंगाचे डबे दारात येऊन बसले आहेत. मी पेशानं मोजणीदार. तीस वर्षं लोकांच्या जमिनी, रस्ते, पाइपलाइनी मोजतो आहे. पंचगंगेकडच्या पेठांतून या दिवसांत जाताना मला सणाचा आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. भिंतीवरची पुराची रेघ घासली जाते तेव्हा या शहराची एक नोंद जाते, आणि तिची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठंच नसते. म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात नदीकडच्या एका गल्लीत गटारीचा उतार काढायला गेलो होतो. लेव्हल लावलेली, पोरानं स्टाफ उभा धरलेला. एका दारातून आजी बाहेर आल्या. "पाणी मोजताय व्हय?" म्हटलं, नाही आजी, गटारीचं काम आहे. "मग पाणीबी मोजा की. या आत, दावते."

माजघराच्या दाराच्या चौकटीवर २०१९ ची रेघ होती, थोरल्या नातवानं खिळ्यानं ओढलेली, शेजारी तारखेसकट. २०२१ ची बघायला लोखंडी कपाट पुढं ओढावं लागलं. मागं रंगाऱ्याचा ब्रश कधी पोचलाच नव्हता. बोटभर रुंदीची तपकिरी पट्टी, तिच्याखाली पोपडे सुटलेला गिलावा, वर जुना निळा रंग शाबूत. मी हात लावायला गेलो तर आजी म्हणाल्या, "लावू नगा, गाळ हाय त्यो, झडतोय." २००५ ची खूण बरीच खाली होती म्हणे. ती कधीच रंगाखाली गेली.

चौकटीवरची रेघ कपाटामागच्या भिंतीवर आणली आणि दोन खुणांच्या मध्ये वीत ठेवली. बरोबर बसली. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैत ५६ फूट ३ इंचांवर. फरक आठ इंचांचा. माझी वीत आठ इंचांचीच आहे. बंधाऱ्यावरचा आकडा त्या माजघरात कपाटामागं जसाच्या तसा उतरलेला बघून मला शहारा आला.

पण पुढच्या गल्लीत दुसऱ्या एका घरी तोच फरक चार बोटांवर आला. आता यातलं काय खरं धरायचं? तिथल्या माणसाची आठवण चुकली, की दोन्ही वर्षी त्या ठिकाणी पाणी खरंच वेगळ्या रीतीनं चढलं? याचं उत्तर बसल्या जागी देता येत नाही. दोन्ही खुणा एकाच बेंचमार्कला, म्हणजे उंची नोंदलेल्या पक्क्या खुणेला, जोडाव्या लागतात. जवळचा बेंचमार्क शोधायला गेलो, तर रस्त्याच्या नव्या थरानं तो गिळलेला. काम तिथंच अडलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

साहेब, पावसाळ्यात या जिल्ह्यात माणूस माणसाला भेटला की आधी विचारतो, "किती फूट?" ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण हे फूट कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीचे आहेत. माझ्या दारात पाणी किती फुटांना येणार, हे त्या आकड्यात कुठंच लिहिलेलं नाही. ज्यांची हयात नदीकाठी गेली त्यांनी आपापला आकडा अनुभवानं ठरवून ठेवला आहे. सुतारवाड्यातली माणसं पट्टीवरचा आकडा ऐकूनच गाठोडं बांधतात आणि चित्रदुर्ग मठाची वाट धरतात. पण नागाळा पार्क, रमणमळ्याकडच्या इमारतींत गेल्या चार-पाच वर्षांत राहायला आलेलं कुटुंब, कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी, बापट कॅम्पात गणपतीच्या हंगामापुरता कामाला आलेला कारागीर यांना त्यांचा आकडा कोण सांगणार?

आणि ज्यांना माहीत आहे त्यांचीही फसगत होते. २०१९ ला कितीतरी घरं २००५ च्या खुणेकडं बघून थांबली. त्या साली तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्यावर येत नसतं, म्हणत माणसं माळ्यावर सामान चढवत राहिली. पाणी पायरी ओलांडून गेलं तेव्हा रस्ता उरला नव्हता. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली होता. चूक त्या माणसांची नव्हती. त्यांच्याकडं एकच खूण होती आणि तिच्यापुढं काय, हे सांगणारा नकाशा त्यांच्या हाती कुणी दिला नव्हता.

आपल्याकडं उंचीचा हिशोब अगदीच नाही असंही नाही. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटर आहे आणि कर्नाटकाला ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची आहे, हे इथल्या चहाच्या टपरीवर दशांश चिन्हासकट बोललं जातं. नरसोबाच्या वाडीला पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला धावतात. तीही एक उंचीच आहे, श्रद्धेनं पिढ्यानपिढ्या सांभाळलेली. राधानगरीच्या धरणाला तर असे दरवाजे आहेत की पाणी ठरलेल्या उंचीला आलं की ते आपणहून उघडतात. शाहू महाराजांच्या या जिल्ह्याला पाण्याची उंची परकी नाही. फक्त ती आपल्या उंबऱ्यापर्यंत आणायची राहून गेली आहे.

ती आणणं वाटतं तितकं सोपं मात्र नाही. बंधाऱ्यावरचा आकडा धरून शहराच्या नकाशावर एकाच उंचीची रेघ फिरवली, झालं काम, असं होत नाही. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट उभं नसतं, ते वाहत असतं. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात, तिथली पातळी एक, शिवाजी पुलाजवळची त्याहून खाली, बंधाऱ्यावरची आणखी खाली. खालच्या अंगाला शिरोळ तालुक्यात कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा राहत नाही, मग हा उतारच बदलतो. शहरात जयंती नाल्याची कथा तर वेगळीच. नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलट नदीच नाल्यातून मागं शिरते. म्हणून जिथून नदी दिसतही नाही त्या व्हीनस कॉर्नरला नाव चालवायची वेळ येते. हा उतार त्या-त्या पुरात ठिकठिकाणी किती होता, हे शोधायला नंतर एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे भिंतीवरची खूण. शंभर खुणा एका बेंचमार्कला बांधल्या तर २०१९ चं आणि २०२१ चं पाणी कागदावर पुन्हा उभं करता येईल. नाही बांधल्या, तर पुढचं सगळं अंदाजाचं.

कुणी म्हणेल, आता उपग्रह आहेत, भिंती कशाला चाचपायच्या? उपग्रहांनी २०१९ ला मोलाचं काम केलं. आभाळ भरलेलं असताना साधा कॅमेरा आंधळा होतो, पण रडारचे तरंग ढगातून पार होतात, आणि त्या चित्रांवरून शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या शेतांत पाणी कुठवर पसरलं ते दिसलं. दाट वस्तीत मात्र तेच तरंग भिंतीभिंतींवर आपटून परततात आणि गल्लीतलं पाणी नीट ओळखू येत नाही. शिवाय चित्रात दिसतो तो पसारा, खोली दिसत नाही. माजघरात गुडघ्याएवढं होतं की गळ्याएवढं, हे आजींनाच विचारावं लागतं.

ड्रोननं उंचीचा नकाशा करता येतो, पण इथं ऊस आडवा येतो. ड्रोनचा कॅमेरा उसाचा शेंडा बघतो, जमीन नव्हे. बारा फूट उसाच्या फडावरून काढलेला नकाशा नदीकाठची जमीन बारा फूट उंच दाखवणार, आणि त्यावर बेतलेल्या गणितात ते शिवार कोरडं राहणार. म्हणजे गळीत हंगामात, तोड झालेले फड मोकळे असतानाच उड्डाण करायला हवं. तेही एका फेरीत होत नाही, कारण तोड कारखान्याच्या पाळीनं होते. या आठवड्यात हा फड मोकळा, पुढच्या महिन्यात तो. कुठल्या गावची तोड कधी, हे कारखान्याच्या शेती विभागातल्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला पक्कं माहीत असतं. बाहेरून आलेल्या सल्लागार कंपनीला ते कळायचं नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं पूरनियंत्रणाची मोठी कामं या खोऱ्यात व्हायची आहेत. त्यांची गणितं अचूक यायची तर जमिनीच्या उंचीची ही बारीक माहिती इथल्याच माणसांनी पुरवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तशी माणसं जिल्ह्यात आहेत. शिवाजी विद्यापीठात आणि तालुक्यांच्या महाविद्यालयांत भूगोल शिकवणारे प्राध्यापक आहेत. भूमी अभिलेखचे भूकरमापक आहेत, ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी तेहतीस फुटी शंकू साखळीनं रानं मोजली. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा, हा हिशोब अजून त्यांच्या बोटांवर असतो. आज त्यांच्या हातात उपग्रहावरून जागा मोजणारा रोव्हर आला आहे. पाटबंधारेचे अभियंते आहेत, अभियांत्रिकीची मुलं आहेत, आयटीआयतून सर्व्हेअर होऊन बाहेर पडलेली पोरं आहेत आणि माझ्यासारखे खासगी मोजणीदार आहेत. एकमेकांशी आमची गाठ पडते ती फक्त कुठल्यातरी हद्दीच्या भांडणात, बहुतेक वेळा समोरासमोरच्या बाजूंनी.

आमच्या पेशाच्या संस्था देशात चांगलं काम करतात. इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग आहे, इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्स आहे, आपल्याकडं भूगोलवाल्यांची महाराष्ट्र भूगोलशास्त्र परिषद आहे. या क्षेत्राचं वर्ष दिनविशेषांवर चालतं. १४ जानेवारीला भूगोल दिन. १० एप्रिलला सर्वेक्षण दिन, कारण १८०२ साली त्या तारखेला विल्यम लॅम्बटननं मद्रासला पहिली आधाररेषा मोजायला घेतली. १२ ऑगस्टला विक्रम साराभाईंच्या जन्मदिवशी सुदूर संवेदन दिन. नोव्हेंबरात जीआयएस दिन. व्याख्यानं होतात, निबंध वाचले जातात, विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रं मिळतात. मी स्वतः अशा कार्यक्रमांत खूप शिकलो आहे. पण १२ ऑगस्ट २०१९ आठवून बघा. त्या दिवशी कोल्हापूर-सांगलीची माणसं नुकती कुठं पाण्यातून डोकं वर काढत होती. मला तेव्हाच वाटलं होतं की कोल्हापुरात या पेशाच्या लोकांनी एकत्र यायचं तर त्यांचं वर्ष नदीच्या वर्षावर बेतलं पाहिजे.

तसं एक वर्ष आम्हाला द्या, एवढंच मागणं आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून हे आपल्याच हातात आहे.

सुरुवात दिवाळीआधी, कारण घाई तिथंच आहे. या दोन-तीन आठवड्यांत फक्त खुणा वाचवायच्या. गल्लीगल्लीतून फिरून प्रत्येक खुणेचा फोटो घ्यायचा, तिच्या रेषेत एक छोटा खिळा मारायचा, उंबऱ्यापासूनची उंची टेपनं घ्यायची, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायचं: कुठल्या साली, किती वाजता चढलं, किती दिवस होतं, आधी कुठून आलं, दारातून की मोरीतून. हा शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. मोरीतून आलेलं पाणी सांगतं की ते नदीवरून थेट आलेलं नाही, गटारीतून उलटलं आहे. या कामाला यंत्र लागत नाही. महाविद्यालयाची पोरं करतील. त्यांना फक्त आपल्या सहीचं एक पत्र लागेल, म्हणजे लोक विश्वासानं घरात घेतील. आमच्याकडं कुणी भिंत मोजायला आलं की लोकांना आधी अतिक्रमणाची नोटीस आठवते. ही मोजणी कुठल्याही कारवाईसाठी वापरली जाणार नाही, एवढी एक ओळ त्या पत्रात असावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. ती ओळ नसली तर आजीसुद्धा कपाट हलवणार नाहीत.

दिवाळीनंतर थंडीत लेव्हलिंग. इथं मोबाइल चालत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मोबाइलच्या जीपीएसची उंची कित्येक मीटर इकडंतिकडं होऊ शकते, आणि उपग्रहावरून मूळ जी उंची येते ती समुद्रसपाटीपासूनची नसतेच. आपल्या भागात त्या दोहोंत पन्नास मीटरांहून जास्त अंतर पडतं, आणि ते गणितानं दुरुस्त करावं लागतं. जिथं इंचांचा प्रश्न आहे तिथं जुनी पद्धतच धरावी: बेंचमार्कपासून निघायचं, मागच्या-पुढच्या खुणांची वाचनं (बॅकसाइट, फोरसाइट) घेत गल्ल्यांतून फिरायचं आणि पुन्हा त्याच बेंचमार्कवर येऊन हिशोब जुळवायचा. नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभाजवळ उंची दगडात कोरून ठेवलेली आहे, पोरंसोरं ती हात फिरवून वाचतात. तसे पक्के, दिसणारे उंचीचे दगड या शहरात पेठेपेठेला बसवा. तालमीच्या कट्ट्याला, शाळेच्या पायरीला, देवळाच्या ओवरीला. रस्त्यात बसवू नका, रस्त्यावर दरवर्षी थर चढतो.

फेब्रुवारी-मार्चात तोडीमागून ड्रोन. उजळाईवाडीच्या विमानतळामुळं मोठ्या भागावर उड्डाणाला परवानगी घ्यावी लागते, ती आपल्या कार्यालयामार्फत मिळाली तर आमचे महिने वाचतील. एप्रिलात बसून गणित. त्यासाठी राजाराम बंधाऱ्याच्या आणि इतर बंधाऱ्यांच्या जुन्या तासातासाच्या नोंदी आम्हाला मिळाव्यात. नकाशे करण्यावरची जुनी परवान्यांची बंधनं केंद्रानं फेब्रुवारी २०२१ मध्ये सैल केली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. त्यामुळं कायद्याची अडचण उरलेली नाही.

आणि मे महिन्यात पाट्या. माझा सगळा जीव या पाट्यांत आहे. घरपट्टीचा नंबर असतो तशी दाराशेजारी एक लहान पाटी, तिच्यावर एकच आकडा: राजाराम बंधाऱ्यावर इतके फूट झाले की या उंबऱ्याला पाणी लागतं. गणितात अर्धा फूट इकडंतिकडं होणार, तर जो आकडा लवकरचा तो लिहायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारी सांगेल. रात्री दोनला आकाशवाणीवर, मोबाइलवर, तालमीच्या भोंग्यावर "सेहेचाळीस" ऐकू आलं की पाटीवर पंचेचाळीस असलेल्यानं म्हातारीला उचलून केव्हाच बाहेर काढलेलं असेल. चिखली-आंबेवाडीत, शिरोळ-कुरुंदवाडात त्या-त्या ठिकाणच्या पट्टीचा आकडा येईल, कारण त्यांचं पाणी आणि शहराचं पाणी वेगळ्या हिशोबाचं आहे.

यात एक भीती मला दिसते आणि ती लपवून ठेवणं बरं नाही. पाटी लागली की घराची किंमत पडेल म्हणून लोक विरोध करतील. निळ्या आणि लाल पूररेषेचं तेच झालं आहे. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. या रेषा निघाल्या तेव्हापासून त्यांच्याकडं बांधकामाला आडवी येणारी रेघ म्हणूनच बघितलं जातं. म्हणून पाटीची सक्ती नको. आधी शाळांना, सार्वजनिक इमारतींना, तालमींना लावा. एका गल्लीनं मागितली की दुसरी गल्ली आपण होऊन मागेल. या शहराचा स्वभाव तसा आहे.

जून ते सप्टेंबर आम्ही पट्टीवर बसू. प्रत्येक पेठेतल्या एका खुणेवर पाणी केव्हा लागलं ते त्याच वेळी लिहून घेऊ, म्हणजे आमचं गणित कुठं चुकलं ते त्याच पावसाळ्यात कळेल आणि पुढच्या मे महिन्यात पाट्या दुरुस्त होतील. २०२४ च्या जुलैतही नदीनं धोका पातळी ओलांडली होती. ते पाणी कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीला थांबलं, हे एका वहीत मांडून ठेवायला हवं होतं. माझ्याकडं ते नाही, याची मला लाज वाटते. त्या दिवसांत मी दुसऱ्या जिल्ह्यात एका रस्त्याच्या कामावर होतो.

या कामाचे पैसे आम्ही मागत नाही. माझी लेव्हल, स्टाफ, ट्रायपॉड आणि आठवड्याचे दोन दिवस माझ्याकडून. ओळखीच्या मोजणीदारांशी बोललो आहे, बरेच जण यायला तयार आहेत. पाट्यांचा आणि दगडांचा खर्च जिल्ह्यानं करावा, आणि जी माहिती निघेल ती कुणालाही फुकट बघता येईल अशी ठेवावी, एवढं झालं तरी पुष्कळ.

आजींच्या घरी रंगारी पुढच्या गुरुवारी येणार आहे. मी परवा पुन्हा जाऊन आलो. त्यांनी त्याला कपाटामागची भिंत सोडायला सांगितली आहे, आणि चौकटीवर नातवानं मारलेल्या रेघेवर तेलकट खडूनं एक फुली करून ठेवली आहे, चुकून घासली जाऊ नये म्हणून.

आपला,
एक मोजणीदार,
कोल्हापूर